मावशींच्या मापाचा दस्ता

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे जाणाऱ्या निम्म्या पुण्याने मला बघितलेलं आहे. गाड्यांची रांग आमच्या फाटकासमोर तुंबून राहायची आणि आत ओसरीवर मी उभी असायचे. उजव्या खांद्याला घडवलेलं एक लाकूड लावलेलं, गाल त्यावर टेकवलेला, डावा डोळा मिटलेला आणि नेम समोरच्या पेरूवर. नळी नाही, चाप नाही, नुसतं लाकूड. गाड्यांच्या काचा खाली यायच्या, मोबाइल बाहेर यायचे. एकदा कुणीतरी ओरडून विचारलं, "मॅडम, कुठल्या सिरीयलचं शूटिंग?" धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. मी हात खाली घेणार तेवढ्यात मागून आवाज आला, "गाल उचलू नकोस. लोकांचं काय घेऊन बसलीस? ते भिजायला आलेत, त्यांना काय कळतंय यातलं."

हा आवाज माझ्या घरमालकांचा. गणिताचे निवृत्त शिक्षक. सगळी आळी त्यांना काका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला मावशी. नात्याचा हा घोळ कुणी घातला माहीत नाही, पण दोघांकडे बघून तो बरोबर वाटायचा. काका तळेगावच्या शाळेत नोकरी करून करून पुण्याचं बोलायला शिकलेले, मावशी मात्र मावळातल्या आपल्या गावाहून काल आल्यासारख्या बोलायच्या.

लोणावळ्याच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा मी त्यांची वरची खोली बघायला गेले. काकांनी मला डोक्यापासून पायापर्यंत असं काही न्याहाळलं, की मी चपला घालून परत निघणारच होते. मग ते म्हणाले, "पाच फूट एक?" मी म्हटलं, हो. "डावखुरी नाहीस ना?" नाही. "मग राहा." मला वाटलं, वरच्या खोलीचं छत उतरतं असेल, म्हणून उंची विचारतायत. डावखुरेपणाचा संबंध मला कळला नाही, पण खोली हवेशीर होती आणि मी राहिले. मावशींची उंचीही पाच फूट एक होती, हे मला नंतर कळलं.

ते लाकूड ज्या बंदुकीसाठी होतं, ती बंदूक मावशींची. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, लोणावळ्यातला एक बंगलेवाला घरदार विकून जात होता त्याच्याकडून स्वस्तात घेतलेली. दोन नळ्यांची, पण नळ्या सारख्या नाहीत. वरची बारीक, ती गोळीची. खालची जाड, ती छर्‍यांची. गावात तिला सासू-सून म्हणायचे, आणि सून वर बसलीय म्हणून हसायचे. आबांना मुलगा नव्हता. नवलाख उंबरे गावाच्या बाजूला त्यांचा भुईमूग असायचा, रानडुकरं रात्रीत शेत उलथंपालथं करायची, म्हणून त्यांनी पोरीलाच नेम शिकवला. आबा गेल्यावर पीक संरक्षणाचं लायसन मावशींच्या नावावर झालं. आबा साऱ्या गावाला सांगायचे, बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो मागचा भाग, विलायती अक्रोडाचा आहे, असलं लाकूड अख्ख्या मावळात दुसरं नाही. दसऱ्याला बंदुकीची पूजा व्हायची तेव्हा ते नळीपेक्षा दस्त्यालाच जास्त तेल लावायचे.

पुढचं मला काकांनी सांगितलं. पण काकांची एक तऱ्हा होती. स्वतःच्या हातून काही वाईट झालं, की ते 'मी' म्हणत नसत, 'एक गृहस्थ' म्हणत. "एका गृहस्थाने आज दूध उतू घालवलं." "एक गृहस्थ विजेचं बिल भरायला विसरले." गृहस्थ घरातच उभे असायचे, मिशीला दूध लागलेलं असायचं, तरी ते कुणा दुसऱ्याबद्दल बोलल्यासारखंच बोलायचे. मला आधी गंमत वाटायची.

तर, एका गृहस्थाची गोष्ट. आबा गेल्यानंतरच्या दुसऱ्या दसऱ्याला हे गृहस्थ सासुरवाडीला गेले. ओसरीवर बंदूक पाटावर मांडलेली, झेंडूची माळ घातलेली. मावशींचे चुलत भाऊ जमले होते. एकाने विचारलं, "दाजी, बंदूक बायकूच्या नावावर. तुमच्या नावावर काय हाय, खडू?" सगळे हसले. गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी माळेसकट बंदूक उचलली. "काय आहे त्यात, लाकडाचा तुकडा तर आहे," असं म्हणून दस्ता दगडी उंबऱ्यावर आपटला. एकदा आपटला, आवाज वेगळा आला म्हणून पुन्हा आपटला.

दस्ता फुटला. आत लाकूड नव्हतंच. तपकिरी प्लास्टिक होतं, वर लाकडाच्या रेघा उठवलेल्या. मुळात हलक्या भावाची बंदूक ती. परदेशात म्हणे सायकलीच्या दुकानातसुद्धा मिळायची, आणि तिला लाकडाऐवजी प्लास्टिक लावणंच कारखान्याला परवडायचं. आबांना हे ठाऊक नव्हतं की ठाऊक असून सांगितलं नाही, देव जाणे. पण आता साऱ्या भावकीने बघितलं. "आबाचा आक्रोड बघा रं," म्हणून एकजण एक तुकडा घेऊन सगळ्यांना दाखवत हिंडला. मावशी आतून आल्या, त्याच्या हातातून तुकडा घेतला, बाकीचे गोळा केले, पदरात बांधले आणि घरात गेल्या.

"मग?" मी काकांना विचारलं.

"मग काय. गृहस्थ परत आले."

"माफी मागितली?"

काकांनी रंध्याचं पातं अंगठ्यावर घासून बघितलं. "दस्ता करून द्यायचं ठरवलं," म्हणाले.

त्या गोष्टीला वीसेक वर्षं होऊन गेली होती. एवढ्या वर्षांत नवरा-बायकोत त्या बंदुकीबद्दल एक शब्द निघाला नव्हता. बाकी सगळं बोलणं व्हायचं. भाजी काय आणायची, कुणाच्या लग्नाला जायचं, गॅस संपला. बंदूक कपाटात कुलपात, आणि मागच्या पडवीत काका दस्ता करतायत. मावशींनी त्यानंतर बंदूक खांद्याला लावली नाही. पुढच्या साली डुकरांनी भुईमूग खाल्ला तो खाल्ला, आणि नंतर ती जमीनच कारखान्यांना गेली.

काकांच्या हाताला कसब नव्हतं, हे मी मावशींच्या समोरसुद्धा म्हणेन. आयुष्यभर फळ्यावर प्रमेयं लिहिलेला माणूस, त्याला पटाशी कशी धरायची ते कुठून येणार? पण सुताराला हात लावू द्यायचा नाही, हा हट्ट. बाभळीचा दस्ता उन्हात तडकला. सागाचा क्रिकेटच्या बॅटसारखा झाला. एकात मधलं भोक वाकडं गेलं आणि स्क्रू बाजूने बाहेर आला. मावशी या दस्त्यांबद्दल बोलायच्या नाहीत, पण फेकायच्याही नाहीत. एक न्हाणीच्या खिडकीला टेकू होता. सागवानी दस्त्याने त्या डाव्या हाताने धुणं धोपटायच्या. पडवीत बसलेल्या काकांना तो आवाज रोज सकाळी ऐकू यायचा आणि ते मान खाली घालून लाकूड घासत राहायचे.

माणसांना अरेतुरे करणारे काका लाकडाला अहोजाहो करायचे. "तुम्ही जरा तिरके आहात," असं ते फळीला समजावून सांगायचे. लग्नाकार्यात जेवायला बसण्याआधी ते खुर्ची उलटी करून बघायचे. एकदा जुना बंगला पाडून रिसॉर्ट बांधत होते तिथून त्यांनी शिसवी चौकटीचा तुकडा मागून आणला. रिक्षात स्वतः कोपऱ्यात अंग चोरून बसले, लाकूड मधोमध. रिक्षावाल्याला सांगत होते, "सावकाश घे रे, आत शिसव आहे." शाळेतल्या माझ्या मैत्रिणी रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "हे तुझे घरमालक ना?" मी म्हटलं, "नाही गं, शेजारी."

दस्ता अंगावर बेतायचा असतो, हे मला तिथे राहायला गेल्यावर कळलं. हाताची लांबी, मानेची उंची, खांद्याचा उतार, गाल कुठे टेकतो, सगळं शिंप्यासारखं घ्यावं लागतं. मावशींना 'उभी राहा, माप घेतो' म्हणायची काकांची छाती नव्हती. म्हणून मी. संध्याकाळ झाली की हाक यायची, "ये गं, खांदा घेऊन ये." नाही म्हणणं मला जमलं नाही. जमलं असतं तर पुढचा प्रसंग टळला असता.

चिंचवडचं एक स्थळ मला बघायला येणार होतं. आईबाबा आदल्या दिवशीच आले. खालची बैठकीची खोली मावशींनी आपणहून दिली, पोहेही त्यांनीच केले. मी आईची पैठणी नेसून मान खाली घालून बसले होते. मुलाची आई माझं शिक्षण विचारत होती. तेवढ्यात काका दारात. अंगात बनियन, केसांत भुसा, हातात शिसवी दस्ता.

"दोन मिनिटं मुलगी देता का?" ते मुलाच्या आईला म्हणाले. "उजेड जातोय."

कुणाला काही कळायच्या आत त्यांनी मला उभं केलं, पैठणीच्या पदरावर दस्ता टेकवला, पेन्सिलने खूण केली. "श्वास सोड. हां. उतार बरोबर आला." मुलाच्या वडिलांनी विचारलं, हे काय आहे. काका अभिमानाने म्हणाले, "बंदुकीचा दस्ता. हिच्यावर बेततोय."

पोहे अर्धे टाकून मंडळी उठली. माझ्या आईने पुढे कित्येक दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं. मी रात्री उशीत तोंड खुपसून रडले, लाजेने आणि रागाने. मावशी वर आल्या, माझ्या पाठीवरून डावा हात फिरवत बसल्या. "बरं झालं, बाय," म्हणाल्या. "त्याच्या आयची नजर लय कडू हुती. पोह्यातली मिरची बोटानं बाजूला काढत हुती." मग जरा थांबून म्हणाल्या, "ह्ये असंच करत्यात. ज्याचं त्याला न्हाई देत, दुसऱ्यालाच देत बसत्यात." मी तेव्हा रडण्यात होते. त्या काय म्हणाल्या ते मी कानाआड केलं.

त्या वर्षी निवडणूक लागली. निवडणूक लागली की लायसनवाल्यांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि निकालानंतर परत आणाव्या लागतात. मावशी दर वेळी स्वतः जायच्या. रांगेत फार्महाउसवाले, चकचकीत चामड्याच्या पेट्या घेऊन. त्यांच्यात मावशी, गोणपाटात गुंडाळलेली बिनदस्त्याची बंदूक घेऊन. काका सोबत जायचे, पण ठाण्याच्या आत कधी पाऊल टाकायचे नाहीत. बाहेर चहाच्या टपरीवर, ठाण्याकडे पाठ करून उभे.

या खेपेला मावशी जेवताना म्हणाल्या, "राखायला पीकच न्हाई ऱ्हायलं, तर बंदूक कशाला? ह्या बारीला दिली की परत न्हाई आनायची." त्या माझ्याकडे बघून बोलल्या, पण काकांचा घास हातातच राहिला. वीस वर्षांत बंदुकीचं नाव पहिल्यांदा ताटावर निघालं होतं, आणि ते असं.

त्यानंतर काकांनी जेवणाखेरीज पडवी सोडली नाही. दस्ता पुरा व्हायला हवा होता आणि मावशींनी तो एकदा तरी खांद्याला लावायला हवा होता. बंदूक गेल्यावर कुणाला काय दाखवणार? मला दिवसातून चारदा उभं करायचे. पॉलिश कागद, जवसाचं तेल, पुन्हा कागद. आणि काय सांगू, या वेळी जमलं. शिसवाचा तो काळा-जांभळा रंग, गालाशी दिलेला हलका फुगवटा, मी डोळे मिटून उचलला तरी आपोआप खांद्यात बसायचा. असं काही चांगलं त्यांच्या हातून होईल असं मला कधीच वाटलं नव्हतं. मला आनंद झाला, इतका की त्यांच्याबरोबर मीही वाट बघायला लागले.

ठाण्यात जायच्या दिवशी सकाळी काकांनी कपाटातून बंदूक काढली, लांब स्क्रू पिळून दस्ता बसवला आणि परसात गेले. मावशी तांदूळ निवडत होत्या. मी दाराशी होते.

"धरून बघ," काका म्हणाले.

मावशींनी हात पदराला पुसले. बंदूक घेतली, आधी नळ्या उघडून रिकाम्या आहेत का ते बघितलं, खटकन मिटली. दस्त्यावरून बोटं फिरवली. वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की मला तिथे उभं राहायचा संकोच वाटला. मग त्यांनी बंदूक उचलली. डाव्या हाताने नळी वर गेली. दस्ता बरगडीपर्यंत आला आणि थांबला.

"वर घे. खांद्यात बसव."

त्यांनी पुन्हा उचलली. उजवं कोपर छातीशी येऊन अडलं. ओठ घट्ट मिटले गेले.

"बसेल, बसेल. मापाचा आहे," काका म्हणाले. "वर घे अजून."

"माप बरुबर हाय," मावशी म्हणाल्या. "हातच वर जात न्हाई."

काकांना कळलं नाही. ते माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांनी विचारलं, आणि पुण्याचं सगळं बोलणं गळून पडलं, "कवापासनं?"

"लय वरसं झाली. थंडीत धरला, तो तसाच ऱ्हायला."

"मग मला कसं बोलली न्हाईस?"

"बोलायचं कशाला? दिसतंय की. ही पोरगी रोज सांच्याला फळीवरचा डबा काढून देती, ते न्हाई दिसलं? माजी वेनी शेजारीन घालती, ते न्हाई दिसलं?"

मला कानकोंडं झालं. डबे मीच काढून द्यायचे. मावशी बुटक्या म्हणून, असं धरून चालले होते. आम्ही दोघी एकाच उंचीच्या आहोत हे मला कधीचं ठाऊक होतं, त्याच्यावरच तर सगळा उद्योग चालला होता. फळी मला पुरते तर त्यांना का पुरत नाही, हा साधा प्रश्न पडला नाही. काकांना पडला नाही, मलाही नाही.

मावशींनी बंदूक पाटावर ठेवली. आवाज चढवला नाही. "दस्ता मागितला हुता कुनी? आबाचं हसं झालं त्या दिशी, तुमी एकदा तोंडानं म्हनाल चुकलं, म्हनून बसले वाट बघत. येवढंच."

काका खाली बघत होते. "एका गृहस्थाचं—" त्यांनी सुरुवात केली.

"गृहस्थाचं न्हाई. तुमचं."

त्यांनी तोंड उघडलं. मी मनात म्हणत होते, बोला हो, एक शब्द आहे, बोलून टाका. ओठ हलले. डोळ्यांत पाणी आलं. आणि ते म्हणाले, "दस्ता अर्धा इंच कमी केला तर?"

मावशी तांदळाचं सूप उचलून आत गेल्या. काकांकडे बघणं मला शक्य नव्हतं. एवढी लाज मला पैठणीच्या दिवशीही वाटली नव्हती, आणि ती माझी एकटीची नव्हती.

दुपारी आम्ही तिघं ठाण्यात गेलो. काका नेहमीप्रमाणे टपरीशी थांबले. आत हवालदारांनी बंदूक हातात घेतली आणि म्हणाले, "मावशी, हिला तर नवी नवरी केलीत. कुणी बसवला दस्ता?"

"आमच्या ह्यांनी," मावशी म्हणाल्या. रांगेतल्या लोकांनी वळून बघितलं. "शिसव हाय. खरं लाकूड."

निकालानंतर घेऊन जा, असं हवालदार म्हणाले. मावशींनी सांगितलं, परत न्यायची नाही, लायसन बंद करायचा अर्ज कसा करायचा ते सांगा. आणि मग म्हणाल्या, "दस्ता तेवढा सोडवून द्या."

हवालदार बुचकळ्यात पडले, साहेबांना विचारून आले. नंबर नळीवर आहे, लाकडावर नाही, त्यामुळे चालेल, असं साहेब म्हणाले होते. एक स्क्रू तर काढायचा. दस्ता निघाला, बंदूक पुन्हा लंगडी झाली. मावशींनी तिच्याकडे एकदा बघितलं, नमस्कार केला आणि दस्ता डाव्या काखेत मारून बाहेर आल्या.

काकांनी पाठमोऱ्यानेच विचारलं, "दिली?"

"दिली." त्यांनी दस्ता त्यांच्यासमोर धरला. काका वळले, दस्ता बघितला, पण घेईनात. टपरीवरची माणसं बघत होती.

"धरा की," मावशी म्हणाल्या. "अर्दा इंच काढायचा हाय न्हवं?"

काकांनी दस्ता घेतला. पुढे मोठा रस्ता होता, मुंबईकडच्या गाड्या सुसाट येत होत्या. मी मागे राहिले. रस्ता ओलांडायला काकांनी मावशींचा हात धरला, माझ्या देखत पहिल्यांदाच, आणि धरला तो नेमका उजवा. मावशी कळवळल्या. त्यांनी हात सोडवून घेतला, वळसा घालून काकांच्या दुसऱ्या बाजूला आल्या आणि डावा हात पुढे केला.